ह्यांच्या वतीने दिलेली उत्तरं

२ ऑक्टोबर

बडबडे,

आशीर्वाद, आणि त्याच्याआधी एक धपाटा. तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले की मी गाडीवाल्या काकांना विचारलं, मळ्यावरची माणसं जागेवर आहेत ना, की कोबीबरोबर त्यांनाही खोक्यात भरून पाठवलं? पूर्वी तुझं पत्र म्हणजे चार कागद, तेही पाठपोट. शेजारणींची भांडणं, मुकादमाची चाल, छोटीचे बोबडे बोल. लग्न होऊन आलीस तेव्हा आई म्हणाली होती, ही सून आहे की रेडिओ?

काका बाजारात भाजी उतरवताना म्हणाले, "तुमचा भाऊ हल्ली खोक्यावर बसून राहतो. हाक दोनदा मारावी लागते." बाळ्याच्या पायाला लहानपणापासून भिंगरी. तो बसून राहतो? पितो का गं? खरं सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे परक्यांसाठी. माझ्यापुढे मूठ उघड. आणि तुमच्या घरात सध्या काय शिजतं, कोण किती खातं, तेही लिही. राबणाऱ्या माणसाचं दुखणं पोटापासून सुरू होतं.

माझं चाललंय. शाळेचे गणवेश आलेत, दिवसभर काजांच्या मशीनवर बसते. झोपेतसुद्धा पाय पॅडल मारतात. एकटा जीव सदाशिव, मला काय होतंय?

काकांच्या हाती उत्तर दे. मोठं दे.

आक्का


११ ऑक्टोबर

आक्का, वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. लिहायला उशीर झाला. कागद घेतला होता, मग तसाच ठेवला.

हे पीत नाहीत. कामाला जातात. सध्या कोबीची तोडणी आहे. संध्याकाळी येतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. पायाला मुंग्या येतात म्हणतात. परवा हातातून विळा पडला आणि ते तसेच पुढच्या वाफ्यात गेले. मुकादम म्हणाला, "घरी झोप होत नाही का रे?" सगळे हसले. हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत.

मला धुण्याच्या शेडमध्ये घेतलंय. गाजरं हौदात पडतात, मी फिरवते, पट्ट्यावर टाकते. मग पुढची पडतात.

जेवणाचं विचारलंत. सकाळी चहा आणि पाव. दुपारी भात आणि आदल्या दिवशीचं काही उरलं तर ते. रात्री भात आणि बटाटा. भाजी मळ्यात असते पण ती गाडीत जाते. तुटकी गाजरं पूर्वी घरी नेऊ द्यायचे. आता तीही रस काढायला पाठवतात. दुकानात अंडी मिळतात. आणलं तर ह्यांना देते, हे अर्धं छोटीला देतात. दूध छोटीला आणि चहापुरतं. माझं मागून होतं.

छोटी शाळेत जाते. आता बोबडं बोलत नाही.

बाकी ठीक. मोठं पत्र लिहा म्हणालात, पण एवढंच आहे.

तुमची भावजय


१५ ऑक्टोबर

बडबडे,

पत्र वाचलं. उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का. कोरं!

असो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाव आणि भात खाऊन माणूस दिवसभर वाकून कोबी तोडतो, मग पडणारच की भिंतीकडे तोंड करून. काकांबरोबर खजूर, शेंगदाणे आणि दुधाच्या पावडरचा डबा पाठवतेय. हे बाळ्यासाठी हं. छोटीला चमचाभर दिलंस तर चालेल, पण शेडमधल्या मैत्रिणींना वाटून मोकळी होऊ नकोस. तुझा हात सैल आहे, मला माहीत आहे.

आणि तू त्याच्याशी बोल. पुरुषमाणूस आतल्या आत कुढतो. तू बोलायला लागलीस की मेलेलासुद्धा उठून 'पुरे' म्हणेल. तू ठणठणीत आहेस म्हणून घर उभं आहे. त्याचं ताट आधी, त्याची झोप आधी. तेवढं सांभाळ.

आमच्याकडे नवी मुलगी आलीय बटणं लावायला. पहिल्याच दिवशी शर्टाच्या पाठीवर बटणं लावली. मालक ओरडला तर म्हणाली, "मागून घालायचा असेल असं वाटलं." मी हसून हसून पडले. तुला हे ऐकवायलाच हवं होतं.

आक्का


६ नोव्हेंबर

आक्का, नमस्कार.

डबा आणि खजूर मिळाले. ह्यांना रोज देते. बटणांचं छोटीला वाचून दाखवलं. ती हसली.

मळ्यावर आरोग्य केंद्राची नर्स आली होती, बरोबर कागद घेतलेली एक मुलगी. शेतात राबणारी माणसं काय खातात आणि त्यांचं मन कसं असतं, दोन्ही तपासायचं आहे म्हणाल्या. शेडमधली एक म्हणाली, "रक्त बाटलीत घ्याल, मन कशात घेणार?" त्यावर सगळ्या हसत होत्या.

आमच्या खोलीवर आल्या तेव्हा हे म्हणाले, "तिला विचारा, तिला सगळं माहीत आहे," आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मग ह्यांची उत्तरं मीच दिली. काल काय खाल्लं, परवा काय, पालेभाजी शेवटची कधी. ते झालं. मग मनाचं.

नर्सनं विचारलं, "त्यांना कामात, माणसांत गोडी वाटते का?" मी नाही म्हटलं. तिने विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, बरेच दिवस. कोणी हसलं तर भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येतं. भूक लागते का? नाही, घास नुसता तोंडात फिरतो. झोप? येते, पण झोपून उठल्यासारखं वाटत नाही. मग तिने विचारलं, "मुलीला जवळ घेतात तेव्हा बरं वाटतं का त्यांना?" मी म्हटलं, वजन वाटतं. तिचं वजन तेवढं कळतं.

तिने मान वर केली. म्हणाली, "हे त्यांनी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, नवराबायकोत सगळं सांगावं लागत नाही.

शेवटी विचारलं, झोपावं आणि परत उठूच नये असं वाटतं का. मी हो म्हटलं. पण छोटी आहे, त्यामुळे काही करणार नाहीत, हेही सांगितलं. तिने लिहून घेतलं.

मग ह्यांना आत बोलावून रक्त घेतलं. माझंही घ्यायचं होतं, पण तेवढ्यात गाजरांची गाडी लागली. मी शेडमध्ये गेले.

शेडमध्ये ओल्या मातीचा वास येतो. तो बरा वाटतो. हल्ली गाजराला चिकटलेली माती थोडी जिभेवर ठेवते. हे काही सांगण्यासारखं नाही, पान उरलं म्हणून लिहिलं.

तुमची भावजय


१० नोव्हेंबर

अगं लबाडे,

सगळ्यात महत्त्वाचं शेवटच्या ओळीत लिहितेस? माती खावीशी वाटते! मी एकटी राहिले म्हणून काय झालं, मला का हे कळत नाही? आई सांगायची, बाळ्याच्या वेळी तिने अंगणातला कोपरा उकरून खाल्ला होता. कितवा महिना? छोटीला भाऊ की बहीण? मी शेजारच्या मशीनवालीला सांगूनसुद्धा टाकलं. टोपडी शिवायला कापडाचे तुकडे बाजूला ठेवलेत.

पण बाळ्याचं ते पान गं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा धीर झाला नाही. पोटच्या पोरीचं नुसतं वजन वाटतं म्हणे. एवढं काय साठवून बसलाय हा आत? आणि शेवटचं ते उत्तर. त्याला एकटं सोडू नकोस. कामावर त्याच्या जोडीदाराला सांगून ठेव. तू त्याच्या मनातलं इतकं नेमकं ओळखतेस, हेच त्याचं नशीब.

रक्ताचं काय निघालं ते लगेच कळव. आणि तू आता जड खोकी उचलू नकोस.

आक्का


२९ नोव्हेंबर

आक्का, नमस्कार.

तसं काही नाही. टोपडी शिवू नका.

ह्यांच्या रक्तात एक जीवनसत्त्व फार कमी निघालं. बी बारा म्हणतात. त्यानेच पायाला मुंग्या आणि डोकं जड. नर्स इंजेक्शन देते. अंडी आणि दूध द्यायला सांगितलंय. देते. माझ्या चहातलं दूध त्यांच्या पेल्यात घालते, मला कोरा चालतो. खजूर त्यांनाच दिला, तुम्ही म्हणाला होतात तसा.

ह्यांना फरक आहे. काल स्वतःहून पाणी भरलं.

पत्र मिळालं नाही असं वाटू नये म्हणून लिहिलं.


१४ डिसेंबर

आक्का, साष्टांग नमस्कार.

अक्षर बघून दचकू नकोस, मीच आहे, बाळ्या. शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं, पण बरं वाटतंय तर म्हटलं लिहू. खरंच बरं वाटतंय गं. पाय माझे आहेत असं वाटायला लागलंय. मध्यंतरी नुसता ओंडका झालो होतो. कोबी कापला की माझंच बोट कापलं, तेही कळायचं नाही. आता परत तोडणीत पहिला असतो. मुकादम म्हणतो, तुला सुई टोचली की चाबूक मारला?

तुझा खजूर संपला. अजून पाठवलास तर नाही म्हणणार नाही.

एक गंमत सांगायची होती. नर्स परत आली. मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मरणाचे विचार अजून येतात का?" मी म्हटलं, "कसले विचार, बाई?" तर तिने कागदावरून वाचून दाखवलं. मुलीला जवळ घेतलं की नुसतं वजन वाटतं, झोपावं आणि उठू नये असं वाटतं, काय काय. मी म्हटलं, हे मी कधी म्हणालो? अंगात ताकद नव्हती, चिडचिड व्हायची, बोलायचा कंटाळा यायचा, हे खरं. पण छोटी म्हणजे माझा जीव की प्राण. मी भिंतीकडे तोंड करून पडलो तरी ती रोज पाठीवर चढायची, घोडा घोडा खेळायला.

नर्सनं कागद मिटला. मग म्हणाली, "तुमच्या मिसेस कुठे आहेत?" मी शेडकडे बोट दाखवलं. ती गेली, पण ही हौदामागून कुठे गेली कोण जाणे, सापडलीच नाही. नर्स बराच वेळ थांबली. शेवटी पुढच्या आठवड्यात येते म्हणाली, पण मला दोनदा बजावलं की बायकोला केंद्रात घेऊन या. बघ ना, बायकांची डोकी! माझ्या नावावर काहीच्या बाही सांगून ठेवलं. मी हिला विचारलं तर म्हणाली, "चुकून सांगितलं."

ही हल्ली गप्प असते. मला वाटलं चला, कानांना आराम. शेडमध्ये एकदा चक्कर येऊन बसली होती, पण उठली लगेच. तू काही बोलू नकोस तिला.

तुझा बाळ्या


१६ डिसेंबर

बाळ्या,

हे पत्र उभ्या उभ्या वाच आणि मग हातातलं काम टाकून घरी जा.

ती उत्तरं तुझी नव्हती. तिची होती. तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिने तुझ्या नावावर सांगितली.

ही गंमत नाही. आजपासून तिला एकटं सोडायचं नाही. तू तोडणीला जाशील तेव्हा शेजारणीला सांग. तिच्यावर ओरडू नकोस. शहाणपण शिकवू नकोस. 'तुला काय कमी आहे' हे तर चुकूनही विचारू नकोस, कारण कमी आहे. पुढच्या आठवड्याची वाट बघू नकोस, उद्याच केंद्रात जाऊन नर्सला भेट आणि सांग की मुलीच्या वजनाचं ते उत्तर बायकोचं होतं. ती समजेल. रक्त तिचंही तपासायचं आहे. तिला दिवस गेलेत समजून मी टोपडी शिवायला बसले होते!

मी रजा टाकलीय. मालक म्हणाला, ऐन गणवेशात? मी म्हटलं, पोरं जुने घालतील. काकांच्या गाडीत बसून येते. तिला सांग, आक्काला मळा बघायचाय.

आक्का


१२ जानेवारी

बडबडे,

पोचले. काकांच्या गाडीत कोबीच्या पोत्यावर बसून आले, अजून अंगाला वास येतोय.

तुझ्याजवळ होते तेव्हा फार बोलले नाही. मला बोलायला सुचत नाही असं पहिल्यांदाच झालं. म्हणून आता लिहिते.

केंद्रात तुझ्या रक्ताचा आकडा बघून नर्स म्हणाली, "या चालत आल्या?" मी तुझ्याकडे बघितलं. तू भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होतीस. मग डॉक्टरबाईंनी तेच सगळे प्रश्न परत विचारले. या वेळी तुला, तुझे. तू प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचीस. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, मला उत्तर माहीत नाही. शेवटच्या प्रश्नाला बाई थांबल्या. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरूच होईना. आणि तू म्हणालीस, "हो. मला वाटतं. माझंच आहे ते."

बाळ्या दारात उभा होता. त्याने ऐकलं. तो तिथून बाहेर गेला आणि मोटारसायकलवाल्याची गाडी ढकलायला लागला. त्याला रडायचं होतं, मला पाठ बघून कळलं.

डॉक्टरबाईंचं बोलणं विसरू नकोस म्हणून लिहिते. लोहाची गोळी रोज, चहाबरोबर नाही, चहा बऱ्याच वेळाने. दुसरी गोळी मनासाठी, ती मधेच सोडायची नाही. दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे बसून बोलायचं. रक्त काही महिन्यांत भरेल म्हणाल्या. "रक्त भरलं म्हणजे मन ठीक झालं असं मी सांगणार नाही," असंही म्हणाल्या. "पण रिकाम्या अंगावर मनाचा इलाज टिकत नाही." आणि ते विचार जोर करायला लागले तर दिवस असो की रात्र, कुणालातरी उठवायचं. बाळ्याला उठव. शेजारणीला उठव. केंद्राची गाडी बोलव.

बरोबर शेंगदाणे आणि खजूर पाठवतेय. डब्यावर तुझं नाव घातलंय, चांगलं मोठं. छोटीला वाचता येतं, ती पहारा देईल.

उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. कोरा कागद पाठव. मला कळेल तू आहेस.

आक्का


३ मार्च

आक्का, नमस्कार.

दोन कोरे कागद पाठवले ते मिळाले असतील. आज लिहिते.

गोळ्या घेते. छोटी समोर उभी राहून तोंड उघडायला लावते. माती आता तोंडात टाकावीशी वाटत नाही. वास तोच आहे, पण ओढ गेली. चढावर दम लागायचा तो कमी आहे. नर्सने रक्त परत तपासलं, वाढतंय म्हणाली. ती खूश झाली. मी तिच्या तोंडाकडे बघून हो म्हटलं.

डॉक्टरबाई दर वेळी विचारतात, आधीपेक्षा कसं? मी म्हणते, माहीत नाही. त्या म्हणतात, चालेल. एकदा मी विचारलं, हे रक्तामुळे झालं, की खाण्यामुळे, की माझ्यामुळे? त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळे नाही. बाकीचं मला नेमकं सांगता येत नाही." त्यांनी खोटं सांगितलं नाही, म्हणून मी पुढच्या वेळीही गेले.

मधे एक दिवस वाईट गेला. ह्यांना उठवलं. हे उठले, दिवा लावला आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून मला कोबीच्या जाती सांगत बसले. उजाडेपर्यंत सांगत होते. सकाळी केंद्रात नेलं. तुम्ही घाबरू नका, तो दिवस गेला.

छोटीचं अजून वजनच वाटतं. ती मांडीवर बसते, मी केस विंचरते. विंचरते एवढंच.

परवाचं सांगायचं होतं. मुकादम शेडमध्ये आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय वहिनी, औषधपाणी झालं, तुमचे मालकही घोड्यासारखे पळायला लागले. आता तरी हसा की जरा. सकाळी सकाळी पडलेलं तोंड बघितलं की माझा दिवस वाईट जातो."

असं कोणी ना कोणी बोलतंच. मी ऐकते आणि गाजरं फिरवते. पण त्या दिवशी हात थांबला. कानशिलं तापली. आधी वाटलं ताप भरला. मग माझ्या तोंडून निघालं, "मग बघू नका." मोठ्याने निघालं. कुणीतरी पट्टा बंद केला. मुकादम म्हणाला, "अहो, गंमत केली." मी म्हटलं, "मला नाही आली गंमत. गाजरं धुवायला हात दिलेत, तोंड दिलेलं नाही." शेडमध्ये कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "बरोबर बोलली." मुकादम खोकी मोजायचं निमित्त करून निघून गेला.

मी पट्टा सुरू केला आणि गाजरं जोरजोरात फिरवली. तो राग होता, आक्का. मला ओळखायलाच वेळ लागला.

घरी आले तरी तो होताच. ह्यांनी विचारलं, जेवायला काय? मी म्हटलं, आज तुम्ही करा. म्हणाले, मला कुठे येतं? मी म्हटलं, कोबी कापता येतो, मग शिजवताही येईल. आणि मी पायरीवर जाऊन बसले. आत भांडी पडल्याचे आवाज येत होते. छोटी दर थोड्या वेळाने बाहेर येऊन बातमी द्यायची. "बाबांनी अंडं जमिनीवर फोडलं." "बाबा म्हणतात झाकण गेलं कुठे." "आई, करपल्याचा वास येतोय."

जेवायला बसलो. ह्यांनी पहिलं ताट वाढलं आणि सवयीने स्वतःपुढे ओढलं. मग त्यांनी ते उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. अंडंही त्यातच होतं. छोटीला वाढलं, मग स्वतःला.

भात खाली लागला होता, वरून कच्चा होता. अंड्यात कवच. कोबीत मीठ इतकं की छोटीने डोळे मिटले. मी सगळं सांगितलं, एकेक करून. हे म्हणाले, "पहिल्यांदा केलंय, नावं ठेवू नकोस."

मी म्हटलं, ठेवणार. आणि ताट पुढे केलं, अजून भात वाढा म्हणून.

तुमची भावजय